गोठवलेली माणसं आणि मरणाची भीती

नववीच्या वर्गात उर्दूच्या तासाला 'इंतकाल' हा शब्द आला. मी फळ्यावर त्याची फोड केली. 'नक्ल' या अरबी धातूपासून आलेला शब्द. मूळ अर्थ एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणं. उत्तरेकडच्या महसुली कागदांत जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर गेली की त्यालाही इंतकालच म्हणतात. माणूस मेला असं न म्हणता त्यानं जागा बदलली असं आपण म्हणतो, एवढं सांगून पुढं जाणार तोच मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, अमेरिकेत मेलेली माणसं फ्रीजमध्ये ठेवतात म्हणे, पुढं जिवंत करायला. मग त्यांचा इंतकाल झाला का नाही?"

अख्खा वर्ग हसला. मीही हसलो आणि विषय बदलला. घरी आल्यावर मात्र वाटलं, प्रश्न काही वाईट नव्हता. मग आपण का हसलो? त्या हसण्याचा शोध घेता घेता जो इतिहास हाती लागला, तो इथं मांडतो आहे.

१२ जानेवारी १९६७. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेल इथं जेम्स बेडफर्ड नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक वारले. वय ७३. मूत्रपिंडाचा कर्करोग फुफ्फुसांपर्यंत पोहोचला होता. मृत्यू जाहीर झाला, पण त्यानंतर ना दफन झालं ना दहन. काही माणसं घाईनं कामाला लागली. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून त्यांनी देहात रसायन टोचलं, देह बर्फानं थंड केला आणि पुढं द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवला. त्या टाकीतलं तापमान शून्याखाली १९६ अंश सेल्सियस असतं. भविष्यात कर्करोगावर औषध निघेल, गोठलेला देह पूर्ववत करण्याची विद्याही निघेल आणि तेव्हा आपल्याला उठवलं जाईल, अशी बेडफर्ड यांची आशा होती. या उद्योगाला क्रायोनिक्स म्हणतात, आणि त्यासाठी गोठवलेला पहिला माणूस म्हणून बेडफर्ड यांचं नाव घेतलं जातं. आज ते ॲरिझोना राज्यात स्कॉट्सडेल इथं 'अल्कोर' या संस्थेत आहेत. साठ वर्षं व्हायला आली, अजून कुणी त्यांना उठवलेलं नाही. उठवण्याची विद्याही निघालेली नाही.

ही कल्पना ज्यानं जगापुढं मांडली तो कुणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता. आमच्यासारखाच एक मास्तर होता. रॉबर्ट एटिंगर, मिशिगन राज्यात भौतिकशास्त्र शिकवणारे. लहानपणी, १९३१ साली, त्यांनी 'अमेझिंग स्टोरीज' मासिकात नील जोन्स यांची एक कथा वाचली होती. कथेतला प्राध्यापक आपलं शव अंतराळात सोडण्याची व्यवस्था करून ठेवतो आणि चार कोटी वर्षांनी परग्रहावरचे यंत्रजीव त्याचा मेंदू यंत्रात बसवून त्याला जागं करतात. पोराच्या मनात प्रश्न आला, इतकी वर्षं वाट पाहायची कशाला? आणि परग्रहावरच्यांची तरी कशाला? पुढं दुसऱ्या महायुद्धात ते जखमी झाले. पायावर शस्त्रक्रिया झाल्या, बराच काळ रुग्णालयात काढावा लागला. आधीच्या युद्धांत जो पाय कापावा लागला असता तो डॉक्टरांनी वाचवला. आजचा असाध्य रोग उद्याचा किरकोळ रोग असतो, हा विश्वास त्यांना पुस्तकातून मिळाला नव्हता, स्वतःच्या पायातून मिळाला होता.

कुणीतरी मोठा माणूस ही कल्पना उचलेल म्हणून एटिंगर वाट पाहत राहिले. कुणी उचलली नाही. १९६० साली त्यांनी तिचा सारांश लिहून देशातल्या सुमारे २०० नामवंतांना टपालानं धाडला. उत्तरं फारशी आली नाहीत. १९६२ साली स्वखर्चानं पुस्तक छापलं. १९६४ साली 'डबलडे' या मोठ्या प्रकाशनानं 'द प्रॉस्पेक्ट ऑफ इमॉर्टॅलिटी' या नावानं ते काढलं. पुस्तक गाजलं. वर्तमानपत्रांत, दूरचित्रवाणीवर चर्चा झाल्या. आता लोक रांगा लावतील असं एटिंगर यांना वाटलं. त्यांचा हिशोब सरळ होता. माणूस सगळ्यात जास्त मरणाला भितो. मरणावर उपाय असण्याची थोडी जरी शक्यता असेल तरी तो ती विकत घेईल.

हिशोब साफ चुकला. आज अमेरिकेतल्या अल्कोर आणि क्रायोनिक्स इन्स्टिट्यूट या दोन मुख्य संस्थांमध्ये मिळून हजार माणसंही गोठवलेली नाहीत, आणि जगात दर वर्षी सुमारे सहा कोटी माणसं मरतात. पैसा हे कारण आहेच. अल्कोरमध्ये संपूर्ण देह ठेवायला दोन लाख डॉलरहून जास्त लागतात. पण क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटचा दर २८,००० डॉलर आहे, आणि बहुतेक सभासद तो आयुर्विम्यातून भरतात. अमेरिकेत याहून महाग मोटारी रस्तोरस्ती दिसतात. विज्ञानानं खात्री दिलेली नाही हे दुसरं कारण, तेही खरं. वीर्य, भ्रूण गोठवून पुन्हा वापरता येतात. सशाचं मूत्रपिंड अतिथंड करून पुन्हा सशाच्या शरीरात चालवण्याचा प्रयोगही झाला आहे. पण गोठवलेला अख्खा सस्तन प्राणी असा परत आलेला नाही, आणि मेंदूचं तर पुढचंच. तरी खात्री नसलेल्या किती गोष्टींवर माणसं पैसा उधळतात! ताईत, गंडे, लॉटरी, कसले कसले काढे. मग नेमकं इथंच लोक इतके हिशोबी का झाले?

याचं उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागेल. मृत्यूची रेषा नेमकी कुठं आहे, हे माणसाला कधीच पक्कं ठाऊक नव्हतं. १८व्या आणि १९व्या शतकात युरोपात लोकांना मरणापेक्षा जिवंत पुरलं जाण्याची धास्ती जास्त होती. जर्मनीत शवं काही दिवस राखून ठेवण्यासाठी खास घरं बांधली गेली. तिथं मयताच्या बोटाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक घंटेला जोडत, म्हणजे हालचाल झाली तर पहारेकऱ्याला कळावं. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनीही मरताना बजावलं होतं की तीन दिवस होण्याआधी आपल्याला थडग्यात ठेवू नका. त्याच देशातले बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७३ साली एका फ्रेंच मित्राला पत्र लिहिलं. मद्यात बुडालेल्या माश्या उन्हात ठेवल्यावर जिवंत झालेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. आपल्यालाही काही मित्रांसोबत मद्याच्या पिंपात बुडवून ठेवता आलं आणि शंभर वर्षांनी आपल्या देशाच्या उन्हानं जागं केलं तर किती बरं होईल, असं त्यांनी अर्धं गमतीनं, अर्धं मनापासून लिहिलं. लंडनमध्ये जॉन हंटर या नामांकित शल्यवैद्यानं तर त्याच सुमाराला मासे गोठवून पाहिले. माणसाचं आयुष्य असं लांबवता येईल ही आशा होती. मासे वितळले, पण उठले नाहीत.

म्हणजे एटिंगर यांची कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. आणि ती ज्या दशकात आली त्या दशकात मृत्यूची रेषा खरोखरच सरकत होती. १९६० साली बंद पडलेलं हृदय छाती दाबून सुरू करण्याची पद्धत अमेरिकन डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. बेडफर्ड गोठवले गेले त्याच वर्षाच्या डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याला बसवलं. १९६८ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनं मेंदू मेला म्हणजे माणूस मेला असं मानावं, ही शिफारस केली. कालपर्यंत जो मेलेला होता तो आज वाचू लागला, आणि ज्याचं हृदय धडधडत होतं तो मेलेला ठरू लागला. अशा वेळी सामान्य माणसाला काय वाटलं असेल? आशा वाटली असेल, तसंच पायाखालची जमीन सरकल्यासारखंही वाटलं असेल.

ही दुसरी भावना महत्त्वाची आहे. अर्नेस्ट बेकर या अमेरिकन विचारवंतानं १९७३ साली 'द डिनायल ऑफ डेथ' हे पुस्तक लिहिलं. पुढच्याच वर्षी ते कर्करोगानं गेले आणि त्यानंतर दोन महिन्यांनी पुस्तकाला पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. आपण मरणार हे माणसाला कळतं, पण ते जाणून रोज जगणं शक्य नसतं. म्हणून धर्म, देश, घराणं, कीर्ती, लेकरं अशा आपल्यापेक्षा मोठ्या आणि आपल्यामागे उरणाऱ्या गोष्टींना तो धरून राहतो. मरणाशी त्यानं केलेला हा तह असतो. पुढं काही मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केले. टक्सन शहरातल्या २२ न्यायाधीशांपुढं एकच काल्पनिक खटला ठेवला गेला. ज्यांना आधी स्वतःच्या मरणाविषयी दोन शब्द लिहायला लावलं नव्हतं त्यांनी आरोपीला सरासरी ५० डॉलरचा जामीन लावला. ज्यांना लिहायला लावलं होतं त्यांनी ४५५ डॉलरचा. अलीकडे अशा काही प्रयोगांची फेरतपासणी झाली तेव्हा आधीसारखे निकाल मिळाले नाहीत. म्हणून यावर सगळा इमला उभारू नये. पण अनुभव ओळखीचा आहे. मरण जवळून गेलं की माणूस आपली श्रद्धा, आपले रिवाज आणखी घट्ट धरतो आणि त्यांना धक्का लावणाऱ्यावर चिडतो.

क्रायोनिक्स याच तहाला धक्का लावतं. अमेरिकन कायद्यानं पाहिलं तर टाकीतला देह म्हणजे संस्थेला केलेलं देहदान. संस्था त्याला शव म्हणत नाही, 'रुग्ण' म्हणते. आणि घरच्यांनी काय म्हणायचं? त्यांनी रडायचं का वाट पाहायची? भाषा शिकवणाऱ्या माणसाला हे ठळक दिसतं. वारले, गेले, निधन झालं, कैलासवासी, वैकुंठवासी. मराठी वर्तमानपत्रांत आमच्या लोकांसाठी पैगंबरवासी. उर्दूत इंतकाल, वफात, रुखसत. प्रत्येक समाजानं मरणासाठी मऊ शब्द घडवले, पण हे सगळे शब्द निरोपाचे आहेत. क्रायोनिक्सकडे निरोपाचा शब्दच नाही. म्हणून मागं राहिलेल्यांना ते निर्दय वाटतं. बेडफर्ड यांच्या बाबतीत हेच झालं. त्यांनी क्रायोनिक्सच्या संशोधनासाठी एक लाख डॉलर ठेवले होते. नातेवाइकांनी मृत्युपत्राला आव्हान दिलं आणि ते वाचवता वाचवता त्यांच्या पत्नी आणि मुलाचे त्याहून जास्त पैसे कोर्टात गेले.

आणि मग भीतीवर धंदाही उभा राहतो. बेडफर्ड यांना गोठवण्यात पुढाकार घेणारे रॉबर्ट नेल्सन हे पेशानं टीव्ही दुरुस्त करणारे. त्यांनी लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थच्या एका स्मशानभूमीत जमिनीखाली तळघर घेतलं आणि तिथं काही देह ठेवले. काही कुटुंबांचे पैसे येणं थांबलं, नायट्रोजन महाग, टाक्या बिघडत गेल्या. नेल्सन यांनी टाक्या भरणं सोडलं, पण घरच्यांना सांगितलं नाही. १९७९ साली प्रकरण उघडकीस आलं तेव्हा तिथले नऊ देह वितळून सडलेले होते. त्यांत परदेशातून आणलेली एक लहान मुलगीही होती. १९८१ साली न्यायालयात फसवणूक सिद्ध झाली. फ्रान्समध्ये फसवणूक कुणी केली नव्हती, तरी शेवट तसाच झाला. डॉ. रेमों मार्तिनो यांनी १९८४ साली वारलेल्या पत्नीला आपल्या वाड्याच्या तळघरात शीतपेटीत ठेवलं. २००२ साली ते स्वतः गेले, तेव्हा मुलानं त्यांनाही तिथं ठेवलं. मुलगा वडिलांच्या इच्छेसाठी सरकारशी सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत भांडला आणि २००६ च्या जानेवारीत हरला. त्यानंतर कळलं, शीतपेटी आधीच बिघडली होती. त्यानं आईवडिलांना अग्नी दिला.

चॅट्सवर्थची हकीकत वाचताना मला २०२१ चा एप्रिल आठवला. माझे मामू कोरोनानं एका रुग्णालयात गेले. देह पिशवीत बंद करून मिळाला. गुस्ल नाही, कफनाला हात लावणं नाही. जनाज्याला आम्ही पाच माणसं, तीही लांब उभी. अम्मीला भावाचा चेहरा पाहता आला नाही. मामू सत्तरी ओलांडलेले, आजारी. ते जाणार हे अम्मीनं कधीच स्वीकारलं होतं. पण आजही विषय निघाला की ती 'भाई गेला' म्हणून रडत नाही. "त्याला कुणी पाणी घातलं नाही रे" म्हणून रडते. त्या महिन्यात कितीतरी हिंदू घरांतही हेच ऐकलं, अस्थीसुद्धा हाती आल्या नाहीत म्हणून. तेव्हा मला कळलं की ज्याला आपण मरणाची भीती म्हणतो तिच्यात अनेक भीत्या एकत्र असतात. आपण नसू ही एक. एकटे पडू ही दुसरी. आपल्या माणसाच्या देहाची हेळसांड होईल ही तिसरी. एटिंगर यांच्या हिशोबात फक्त पहिली होती. लोकांच्या मनात बहुधा उरलेल्या दोन मोठ्या होत्या.

याचा सगळ्यात स्पष्ट दाखला २०१६ साली इंग्लंडमध्ये मिळाला. कर्करोगानं मरणाला टेकलेल्या १४ वर्षांच्या एका मुलीला आपला देह गोठवून हवा होता. वय १८ च्या आत, म्हणून तिला मृत्युपत्र करता येईना. आईवडील विभक्त. आई तिच्या बाजूनं, वडिलांचा आधी विरोध. प्रकरण उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पीटर जॅक्सन यांच्यापुढं गेलं. वडिलांच्या म्हणण्यात धर्माचा मुद्दा नव्हता आणि शास्त्राचाही फारसा नव्हता. त्यांची काळजी वेगळीच होती. समजा हे जमलं, दोनशे वर्षांनी पोरीला उठवलं, तर परक्या देशात, चौदा वर्षांची, ओळखीचं एकही माणूस नाही, कदाचित आठवणीही नाहीत, ती काय करेल?

ही काळजी नवी नाही. कुरआनातल्या असहाब-ए-कहफची गोष्ट आमच्या घराघरांत सांगितली जाते. जुलमी राजवटीपासून ईमान वाचवायला काही तरुण गुहेत जातात आणि तीनशे नऊ वर्षं झोपतात. उठल्यावर भूक लागते, एकाला चांदीचं नाणं देऊन बाजारात पाठवतात. तफ्सीरमधल्या कथांनुसार ते जुनं नाणं पाहूनच दुकानदार चकित होतो. ख्रिस्ती परंपरेतही हे झोपलेले तरुण आहेत. पुराणांत मुचकुंद राजा युगानुयुगं गुहेत झोपतो आणि उठतो तेव्हा जग बदललेलं असतं, माणसं आकारानं लहान झालेली दिसतात. या कथांत परत येणारा माणूस जुन्या संसारात परत जाऊ शकत नाही. गुहेतले तरुण पुन्हा डोळे मिटतात, मुचकुंद तपाला निघून जातो. शेकडो वर्षांपूर्वी या कथा रचणाऱ्या, सांगणाऱ्या माणसांना जे ठाऊक होतं तेच इंग्लंडमधल्या त्या बापाला ठाऊक होतं. नुसतं आयुष्य परत मिळून भागत नाही, ज्यांच्यात ते जगायचं ती माणसंही लागतात.

न्यायमूर्ती रुग्णालयात जाऊन मुलीला भेटले. क्रायोनिक्स चांगलं का वाईट, हा आपल्यापुढचा प्रश्न नाही, असं त्यांनी निकालात स्पष्ट लिहिलं. प्रश्न एवढाच की तिच्या देहाचं काय करायचं हे कोण ठरवणार. ते आईनं ठरवावं, असा निर्णय त्यांनी दिला. निकाल आपल्या बाजूनं लागल्याचं मुलीला कळलं. १७ ऑक्टोबरला ती गेली, देह अमेरिकेत नेला गेला. खर्च सुमारे ३७,००० पौंड, तो आजोळच्यांनी उभा केला. पण त्या निकालात आणखी एक नोंद आहे. रुग्णालयानं नंतर न्यायालयाला कळवलं की शेवटच्या दिवशी आई पुढच्या तयारीतच गुंतलेली होती, लेकीजवळ तिला पूर्णपणे थांबता आलं नाही. आणि गोठवण्यासाठी आलेल्या स्वयंसेवकांची तयारीही नीट नव्हती.

त्या आईला मी दोष देत नाही. लेकरासाठी कुणीही हेच केलं असतं. पण ही नोंद वाचून मी बराच वेळ बसून राहिलो. मरणाच्या भीतीनं पुढची दोनशे वर्षं वाचवायला जाताना हातातला एक दिवस निसटला. आणि आपल्याकडं क्रायोनिक्सला हसणारे तरी काय वेगळं करतात? शेवटच्या घटकेला आपणही रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवत असतो, काचेबाहेर उभे असतो, बिलाच्या खिडकीशी असतो. आत माणूस एकटा असतो. आमची बुजुर्ग माणसं मरणाऱ्याजवळ बसून कलमा ऐकवायची, तोंडात पाण्याचे थेंब सोडायची. शेजारच्या घरात तुळशीपत्र आणि गंगाजळ असायचं. त्यानं मरण टळत नव्हतं. ती माणसं भीतीला सोबत देत होती.

एटिंगर २३ जुलै २०११ रोजी वयाच्या ९२ व्या वर्षी गेले. त्यांनीच काढलेल्या क्रायोनिक्स इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा देह ठेवला आहे. तिथली पहिली 'रुग्ण' १९७७ साली ठेवलेली त्यांची आई होती. त्यांच्या दोन्ही पत्नीही तिथंच आहेत. हे वाचलं आणि माझं हसू पूर्ण मावळलं. ज्या माणसाला आपण अमरत्वाचा वेडा समजत होतो, त्यालाही एकट्यानं उठायचं नव्हतं. आई आणि बायका सोबत घेऊनच तो गेला होता. आपल्या कब्रस्तानात बापाशेजारी जागा मिळावी म्हणून आपण जशी धडपड करतो, तशीच.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात त्या मुलीला उठवलं आणि सांगितलं, "तुझ्या प्रश्नाला मी हसलो ते चुकलं. भीती वाटली म्हणून हसलो." वर्ग शांत झाला. मग इंतकाल झाला का नाही, यावर पोरं अर्धा तास बोलली. कुणी म्हणालं झाला, रूह तर गेली. कुणी म्हणालं कंपनीला विचारा. शेवटी ती मुलगी म्हणाली, "सर, त्यांना मिट्टी दिली नाही ना कुणी. मग घरच्यांसाठी कसा होईल इंतकाल?"

मी फळ्यावर लिहिलेला अर्थ पुसला नाही. त्याच्याखाली तिचं वाक्य लिहिलं, आणि तास संपला.